वाचकांचे प्रश्न : इस्पितळातील पाळकीय सेवेचे प्रशिक्षण

प्रश्न : मी एमएसडब्ल्यू केले आहे आणि चर्चतर्फे आजाऱ्यांना भेटायला जाते. इस्पितळात पूर्णवेळ पाळकीय सेवा (रुग्णांना आध्यात्मिक आधार देण्याचे काम) करायची आहे. त्यासाठी धर्मगुरू किंवा सिस्टर असावे लागते का? इंटर्नशिप कशी असते?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : नाही, प्रापंचिकांनाही (धर्मगुरू किंवा सिस्टर नसलेल्यांनाही) हे काम करता येते. मात्र रुग्णांना तैलाभ्यंग (पवित्र तेल लावण्याचा संस्कार) देणे आणि पापनिवेदन (पापांची कबुली) ऐकणे हे धर्मगुरूचेच काम. तिथे तुमचे कर्तव्य एवढेच की त्यांना वेळेवर बोलावायचे, रुग्ण बेशुद्ध होईपर्यंत थांबायचे नाही.

या प्रशिक्षणाला क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशन, म्हणजे सीपीई म्हणतात. अँटन बॉइसन यांनी 1925 साली अमेरिकेत वूस्टरच्या मनोरुग्णालयात त्याची सुरुवात केली. पुस्तकांइतक्याच बारकाईने जिवंत माणसे वाचायची, हा त्यांचा आग्रह. अमेरिकेत एक युनिट 400 तासांचे धरतात. त्यातले किमान 100 तास गटचर्चा आणि पर्यवेक्षकासोबतच्या बैठकींचे, बाकीचा बहुतेक वेळ वॉर्डात. भारतात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचा चॅप्लन्सी (पाळकीय सेवा) विभाग हे प्रशिक्षण देतो.

कुठेही प्रवेश घेण्यापूर्वी विचारा : पर्यवेक्षक स्वतः सीपीई झालेला आहे का? आठवड्याला स्वतंत्र बैठक मिळते का? गटात किती जण? पाच-सहा असले तर प्रत्येकाच्या भेटीवर नीट बोलता येते. पंधरा असले की ते व्याख्यान होते. नुसते वॉर्डात फिरवून प्रमाणपत्र देणारा कोर्स घेऊ नका.

तुमचे मराठी इथे फार उपयोगी पडेल. बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) सिंधुदुर्गातूनही रुग्ण येतात. त्यातले बहुतेक ख्रिस्ती नसतात, म्हणून ऐकणे हीच तिथली सेवा; धर्मप्रसार करायची ती जागा नव्हे.

तुमची कम्युनियन (पवित्र भाकरीचा प्रसाद) देण्यासाठी नेमणूक झाली असेल, तर खाटेपाशी जाण्याआधी नर्सला विचारा. शस्त्रक्रियेपूर्वी तोंडाने काही द्यायचे नसते. गिळायला त्रास होत असेल तर, नर्सने होकार दिल्यावरच, होस्तीचा (त्या भाकरीच्या पातळ चकतीचा) अगदी लहान तुकडा चमचाभर पाण्याबरोबर द्यावा. कम्युनियनपूर्वीच्या तासभराच्या उपवासाचा चर्चचा नियम रुग्णाला लागू नाही.

प्रश्न : मी धर्मशास्त्राचा विद्यार्थी असून सध्या इस्पितळात इंटर्नशिप करतो. पर्यवेक्षकांनी माझे व्हर्बेटिम (रुग्णभेटीचा शब्दशः लेखी अहवाल) तीनदा परत केले. संवाद तर जसाच्या तसा लिहिला आहे. चुकते कुठे?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : तुम्ही पाठवलेल्या कागदातल्या या ओळी पाहा (‘रु’ रुग्ण, ‘से’ सेवक) :

रु 3 : रात्री झोपच लागत नाही. मुलगी दहावीला आहे.
से 3 : देवावर भरवसा ठेवा, सगळं ठीक होईल.
रु 4 : हो. (खिडकीकडे पाहिले.)
से 4 : आपण प्रार्थना करू या?

रु 3 मध्ये त्या बाईंनी दार उघडले होते. झोप आणि मुलगी ही दोन्ही वाक्ये एकापाठोपाठ आली, म्हणजे मनात ती जोडलेली आहेत. ‘मुलीची काळजी झोपू देत नाही,’ एवढे म्हणून थांबला असता तर त्या पुढे बोलल्या असत्या. तुम्ही धीर दिला आणि दार बंद झाले. से 4 मधली प्रार्थना त्यांनी मागितली नव्हती. ती शांतता तुम्हालाच सोसवली नाही. ‘सगळं ठीक होईल’ हे तर डॉक्टरांनाही सांगता येत नाही.

संवाद हा व्हर्बेटिमचा निम्माच भाग. से 3 म्हणताना तुमच्या मनात काय चालले होते? भीती? घरातल्या कोणाची आठवण? तो भाग तुम्ही कोरा ठेवलात, म्हणूनच कागद परत येतो आहे. प्रत्येक उत्तरासमोर समासात त्या क्षणीची भावना एका शब्दात लिहा. शेवटी, ती भेट पुन्हा मिळाली तर कोणते एक वाक्य बदलाल, ते लिहा. बायबलचे वचन त्यानंतर. आधी घातले की विचार तिथेच थांबतो.

लिहायला त्याच दिवशी बसा. रुग्णासमोर वही काढू नका, फोनवर ध्वनिमुद्रण तर मुळीच नको. नाव, गाव, खाटेचा क्रमांक बदला. गटातली चर्चा गटातच राहते. मात्र अल्पवयीन मुलावरील लैंगिक अत्याचाराची गोष्ट कानावर आली, तर पॉक्सो (बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण) कायद्याच्या कलम 19 नुसार ती पोलिसांना कळवावीच लागते. म्हणून ‘कुणालाच सांगणार नाही’ असे वचन कोणत्याही रुग्णाला आधी देऊन बसू नका.