मुलाचा ताबा नि भेटी, सही करण्याआधी हे बघ

भावा, यूट्यूबवर हिंदू मॅरेज ॲक्टचे व्हिडिओ बघून डोकं खराब करून घेऊ नको, आपल्या गोव्यात घटस्फोट 1910 च्या पोर्तुगीज कायद्याने चालतो, तेव्हा वकील इथलाच धर. ताब्यात कोर्ट बघतं मुलाचं हित, चूक नवऱ्याची की बायकोची हे नंतर. केस लांबते, म्हणून तात्पुरत्या भेटींचा अर्ज लगेच टाक.

आणि कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांनी सही करून कोर्टात द्यायच्या तडजोडीच्या अटींमध्ये, ‘सोयीनुसार भेट’ असलं काही लिहू देऊ नको रे, भांडणं तिथूनच सुरू होतात! सरळ लिहून घे, शनिवारी दहा ते रविवारी सहा, आणायचं कोणी, सोडायचं कुठे, मे महिन्याची सुट्टी अर्धी अर्धी, आणि चवथ... दीड दिवसाचा गणपती असला तर मूल त्या दीड दिवसात कोणाकडे, हे आत्ताच ठरव, ऐन गणपतीवर फळांची माटोळी बांधताना फोनाफोनी नको. व्हिडिओ कॉलची वेळही टाक, सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये रोज पाच-दहा मिनिटं बोलण्याचा हक्क मानलाय.

भेट नाकारली म्हणून पोटगी थांबवू नको, दोन्ही वेगळ्या गोष्टी, कोर्टात अर्ज कर. ताब्याची ऑर्डर कायमची नसते, परिस्थिती बदलली की बदलून मागता येते.