सेंट पीट्सबर्गचा कॉन्डो नंतर बघू काका, आधी ती पॉलिसी

काकांचं पत्र थोडक्यात सांगते. वय 64, काकू 61, न्यू जर्सीत एडिसनला 27 वर्षं. घराचं कर्ज फिटलंय पण प्रॉपर्टी टॅक्स वर्षाला 14,000 डॉलर. मार्चमध्ये 65 होणार आणि रिटायर होणार, घर विकून हातात साडेसहा लाख येतील, 401के मध्ये (नोकरीतून रिटायरमेंटसाठी साठवलेलं खातं) 7 लाख आहेत. फ्लोरिडात सेंट पीट्सबर्गला 1974 सालच्या नऊ मजली बिल्डिंगमध्ये पाण्यासमोरचा कॉन्डो (मालकीचा फ्लॅट) 4 लाख 80 हजाराला बघून ठेवलाय, मेंटेनन्स महिना 780. प्रश्न एवढाच की रोख घ्यावा का थोडं कर्ज काढावं. आणि मग शेवटची ओळ: "बाकी काळजी नाही, ओळखीतल्या एका मुलाने चार वर्षांपूर्वी आययूएल (शेअर बाजाराच्या इंडेक्सशी जोडलेली आयुर्विमा पॉलिसी) करून दिलंय, हप्ता महिना 2,000, सत्तरीनंतर वर्षाला 30,000 टॅक्स-फ्री आयुष्यभर. हप्ता आता सोशल सिक्युरिटीतून (सरकारी पेन्शन) जाईल, म्हणून ती 65 लाच चालू करतोय, अर्ज भरून ठेवलाय."

काका, ही ओळ मी तीनदा वाचली.

सोशल सिक्युरिटीचे तुम्हाला 67 ला, म्हणजे पूर्ण पेन्शनच्या वयाला, महिना 2,900 मिळतात. 65 ला घेतली तर साधारण 2,500. सत्तरीपर्यंत थांबलात तर 3,600. म्हणजे महिन्याला 1,100 चा फरक, वर्षाला 13,000, तेही जन्मभर आणि महागाईप्रमाणे वाढत जाणारे. आणि काकू. त्या एच-4 वर (तुमच्या व्हिसावर अवलंबून असलेला व्हिसा) आल्या, नोकरी केली नाही असं तुम्हीच लिहिलंय, त्यांची स्वतःची सोशल सिक्युरिटी शून्य. तुमच्या मागे त्यांना तुमचाच चेक मिळणार, तुम्ही आज तो लहान केलात की त्यांच्यासाठीही लहानच झाला. उलट तुम्ही 70 चे व्हाल तेव्हा त्या 67 च्या असतील, तेव्हा तुमच्या 2,900 चे निम्मे, 1,450, त्यांना पूर्ण मिळतील. थांबल्यामुळे जे सोडलं ते तुम्ही 81 च्या आसपास भरून काढता, पुढचं सगळं वर. तुमच्या आईचं वय तुम्ही 91 लिहिलंय.

आणि हे सगळं कशासाठी सोडायचं, तर 2,500 आले की त्यातले 2,000 पॉलिसीत टाकायला!

आता पॉलिसी. चार वर्षांत 96,000 भरलेत, स्टेटमेंटवर सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे आज पॉलिसी बंद केली तर हातात येणारी रक्कम, 41,000. अजून सहा वर्षं भरायचे 1 लाख 44 हजार. अजिबात चार्जेस नाहीत आणि दरवर्षी न चुकता 5 टक्के मिळाले असं धरलं तरी सत्तरीला सव्वातीन लाखाच्या आतच, आणि 30,000 काढत गेलात की 85 ला डबा रिकामा. चार्जेस तर आहेतच. "मार्केट पडलं तरी शून्याखाली जात नाही" हे खरं, पण इन्शुरन्सचा खर्च दर महिन्याला कापला जातो तो शून्याच्या वर्षीही, आणि वय वाढेल तसा तो वाढत जातो. मार्केट वर गेलं तर तुम्हाला मिळणाऱ्या टक्क्यांना कॅप (वरची मर्यादा) लागते, डिव्हिडंड मिळत नाहीत. आणि ते "टॅक्स-फ्री उत्पन्न" हे उत्पन्न नाहीच, तुमच्याच पॉलिसीवर काढलेलं कर्ज आहे. 84 व्या वर्षी पॉलिसी लॅप्स झाली तर भरलेल्या हप्त्यांच्या वरची रक्कम त्या एका वर्षात तुमचं उत्पन्न धरून टॅक्स लावतात. 60 वर्षांच्या माणसाला रिटायरमेंट प्लॅन म्हणून हे विकलं, याचा मला खरंच राग आहे, आणि मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत ओळख काढून विकलं याचा जास्त.

त्या मुलाला फोन करू नका. थेट कंपनीकडून लेखी इन-फोर्स इलस्ट्रेशन (चालू पॉलिसीचं पुढचं वर्षवार गणित) मागवा, एक 4 टक्के परतावा धरून, एक हप्ता आजपासून बंद केला तर काय होतं त्याचं, सोबत सरेंडर चार्ज कधी संपतो त्याचा तक्ता. हे आकडे बघून माझं मत बदललं तर सांगेन, पण आत्ता माझं मत 41,000 घेऊन बाहेर पडा असंच आहे. गेलेले 55,000 परत आणायला अजून दीड लाख घालू नका. 65 ते 70 चा खर्च 401के मधून थोडा थोडा काढा, पगार नसल्याने त्या वर्षांत टॅक्सही कमी बसेल. त्यातच काकूंचा हेल्थ इन्शुरन्स धरा, त्यांना मेडिकेअर (65 पासूनचा सरकारी आरोग्य विमा) मिळायला चार वर्षं आहेत आणि तुमच्या खर्चाच्या यादीत ते कुठेच नाही.

आता सेंट पीट. गाव सुंदर आहे, वादच नाही. 1967 ते 69 मध्ये सलग 768 दिवस ऊन पडल्याचा गिनीज रेकॉर्ड याच गावाचा, इथलं एक संध्याकाळचं वर्तमानपत्र 1910 पासून 1986 पर्यंत ऊन न पडलेल्या दिवशी फुकट वाटायचे, इतका भरवसा. मिरर लेकजवळची शफलबोर्डची कोर्टं 1920 च्या दशकातली, एकेकाळी फुटपाथवर हिरवे बाक आणि त्यावर ऊन खात बसलेले रिटायर्ड लोक हीच गावाची ओळख होती. स्टेटचा इन्कम टॅक्स नाही. देऊळ मात्र टँपात, पूल ओलांडून, हे काकूंना आधी सांगा.

पण गाव तिन्ही बाजूंनी पाण्यात आहे. सप्टेंबर 2024 मध्ये हेलीन वादळाचं पाणी गावातल्या शोअर एकर्स वस्तीत घराघरात शिरलं, दोन आठवड्यांत मिल्टन वादळ आलं आणि ट्रॉपिकाना फील्ड या बेसबॉल स्टेडियमचं छप्पर फाटलं. आणि 2021 ला मायामीजवळ सर्फसाइडला बिल्डिंग कोसळून 98 माणसं गेली, त्यानंतर फ्लोरिडात तीन मजले आणि वरच्या जुन्या कॉन्डोंना स्ट्रक्चरल तपासणी आणि दुरुस्तीचा रिझर्व्ह फंड सक्तीचा झाला. आधी लोक मतदान करून हा फंड टाळायचे, आता ते तसं सहज चालत नाही. त्यामुळे 1974 च्या बिल्डिंगचा 780 मेंटेनन्स हा आकडा मी धरणारच नाही. तपासणीचा रिपोर्ट, रिझर्व्ह स्टडी, फ्लॅटमालकांच्या असोसिएशनच्या दोन वर्षांच्या मीटिंगच्या मिनिट्स (नोंदी) आणि बिल्डिंगच्या विम्यातलं वादळाचं डिडक्टिबल (विमा लागू होण्याआधी खिशातून भरायची रक्कम), हे हातात आल्याशिवाय सही नाही. आणि लिस्टिंगवर दिसतो तो प्रॉपर्टी टॅक्स जुन्या मालकाचा, वर्षानुवर्षं वाढीला कॅप लागून कमी राहिलेला, तुमचा नव्या किमतीवर लागेल.

तुमचा प्रश्न रोख का कर्ज. रोख घ्यायचा असला तरी आधी कर्जाला अर्ज करा, कारण बँक बिल्डिंगचे कागद तपासते, आणि बिल्डिंगमुळे नाही म्हणाली तर तुमचे 4 लाख 80 हजार वाचले. त्याहून बरं म्हणजे पहिलं वर्ष भाड्याने राहा. जुलै ते ऑक्टोबर तिथेच काढा, जानेवारीत आठवडाभर राहून ठरवू नका.

आणि तो सोशल सिक्युरिटीचा अर्ज, नुसता भरलाय की सबमिट केलाय ते पत्रात नाही. नसेल केला तर थांबा. केला असेल तरी मंजुरीपासून 12 महिन्यांच्या आत मागे घेता येतो, मिळालेले पैसे परत करावे लागतात, आणि अशी संधी आयुष्यात एकदाच मिळते. उद्या सकाळी आधी ते बघा.