पंखा बदलण्याआधी इंजिनाचे फेरे मोजावेत

या वेळी निवडलेली तिन्ही पत्रे आउटबोर्ड मशीनच्या, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावलेल्या इंजिनाच्या, पाण्याखाली राहणाऱ्या भागाविषयी, म्हणजे पंखा आणि त्याच्या पुढच्या गिअरपेटीविषयी आहेत. पत्रे थोडी संक्षिप्त करून दिली आहेत.

प्रश्न : माझ्या २३ फुटी फायबरच्या होडीला ४० अश्वशक्तीचे फोर-स्ट्रोक मशीन आहे. तांडेल व खलाशी धरून बारा माणसे घेऊन आम्ही पर्यटकांना कर्ली खाडीत फिरवतो. शेजारच्या होडीचा वेग पाहून मी १३ पिचचा पंखा काढून १५ पिचचा बसवला. आता होडी पाण्यावर चढायला (पाणी कापत न जाता वर उचलून पृष्ठावरून धावायला) फार वेळ घेते, पेट्रोल जास्त लागते आणि पूर्ण रेस दिली तरी आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) ४६०० च्या वर जात नाही. जीपीएसवर वेग १७ नॉट दिसतो. पुस्तिकेत ५००० ते ६००० आरपीएम असे लिहिले आहे. चार पात्यांचा पंखा घेतल्यास फरक पडेल काय? आणि स्टीलचा पंखा घ्यावा काय?
– एक होडीमालक, देवबाग (ता. मालवण)

उत्तर : आपण आरपीएमचा आकडा कळवलात, हे फार बरे झाले. बहुतेक पत्रांत होडीचा रंगसुद्धा कळवलेला असतो, पण हा आकडा नसतो, आणि त्याच्याशिवाय पंख्याविषयी दिलेला कोणताही सल्ला हा केवळ अंदाज ठरतो.

पंख्याच्या बोंडावर दोन आकडे कोरलेले असतात. पहिला व्यासाचा आणि दुसरा पिचचा, दोन्ही इंचांत. पाणी लाकडासारखे घट्ट असते, तर स्क्रूप्रमाणे एका फेऱ्यात पंखा जितका पुढे सरकला असता, ते अंतर म्हणजे पिच. पिच वाढवला की प्रत्येक फेऱ्यात अधिक पाणी ढकलावे लागते आणि इंजिनावर चढणीला वरच्या गिअरमध्ये गाडी हाकल्यासारखा ताण येतो. साधारणपणे पिच एक इंचाने बदलला की पूर्ण रेसवरचे फेरे १५० ते २०० ने बदलतात. आपल्या ४६०० वरून मागे हिशेब केला, तर जुन्या १३ पिचच्या पंख्यावरही हे इंजिन भरल्या होडीत ४९०० ते ५००० च्याच आसपास असणार. म्हणजे दोष १५ पिचचा तर आहेच, पण आपल्या बारा माणसांच्या ओझ्याला १३ सुद्धा जडच होता. शेजाऱ्यांच्या होडीत बहुधा माणसे कमी बसत असावीत किंवा तिचा तळ वेगळा असावा. त्यांचा पंखा त्यांच्या होडीला योग्य असेलही, परंतु तो आपल्याला लागू पडत नाही.

आपण ११ पिचचा पंखा आणून पाहावा, असे माझे मत आहे. त्यावर फेरे ५२०० ते ५४०० च्या आसपास यावेत. चाचणी नेहमीच्या पूर्ण ओझ्यासह, शांत पाण्यात आणि ओहोटीच्या ओढीचा परिणाम जावा म्हणून जाताना व येताना अशी दोन्ही दिशांनी करावी. त्याआधी थ्रॉटलची केबल शेवटपर्यंत उघडते की नाही, हे पाहून घ्यावे. सैल पडलेल्या केबलपायी पंखे बदलत बसलेली माणसे मी पाहिली आहेत. रिकामी होडी हाकताना फेरे ६००० च्या वर जाऊ लागले, तर तेवढ्यापुरती रेस कमी करावी. इंजिन कायम कमी फेऱ्यांवर चालवण्यापेक्षा ही काळजी घेणे सोपे आहे, कारण ओझ्याखाली घुसमटणाऱ्या इंजिनात काजळी साचते आणि पिस्टन तापतात.

वेगाचा हिशेबही सोपा आहे. आरपीएमला पिचने गुणून त्या गुणाकाराला गिअरचे गुणोत्तर (पंख्याच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे किती फेरे) गुणिले १२१५ या संख्येने भागले की नॉटमधला सैद्धांतिक वेग मिळतो. आपल्या मशीनचे गुणोत्तर २ धरले, तर ४६०० फेऱ्यांना १५ पिचचा वेग सुमारे २८ नॉट यायला हवा. प्रत्यक्षात तो १७ आहे, म्हणजे जवळजवळ ४० टक्के घसर (सैद्धांतिक वेगातली तूट). पाण्यावर चढून धावणाऱ्या होडीत १० ते २० टक्के घसर चालते. चाळीस टक्के घसर याचा अर्थ पंखा पाणी घुसळतो आहे, होडी पुरेशी ढकलत नाही. गुणोत्तर मात्र आपल्या पुस्तिकेतूनच घ्यावे.

चार पात्यांच्या पंख्याची पकड चांगली असते, थरथर कमी होते आणि जड होडी लवकर उठते. वरचा वेग किंचित घटतो. तो घ्यायचाच असेल, तर पिच आणखी एक इंचाने कमी, म्हणजे १० घ्यावा. वळताना इंजिन एकदम किंचाळते आणि होडी मात्र ओढत नाही, असे होत असेल, तर तो प्रश्न पिचचा नाही. तेव्हा पंखा वरून हवा ओढतो आहे, असे समजून पंख्यावरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या पातळीत आहे काय, हे तपासावे.

स्टीलच्या पंख्याविषयीही आपण शेवटी विचारले आहे. कर्लीच्या मुखाशी वाळूचे दांडे जागा बदलत असतात, अशा ठिकाणी मी ॲल्युमिनियमच पसंत करतो. आपटल्यावर ॲल्युमिनियमचे पाते वाकते किंवा तुटते आणि धक्का तिथेच संपतो. स्टीलचे पाते टिकते, पण धक्का आत गिअरच्या दातांपर्यंत पोहोचण्याची शक्यता वाढते.

प्रश्न : गिअरपेटीतील तेल दुधासारखे पांढरे झाले आहे. तेल बदलून हंगाम पूर्ण करावा, नंतर पावसाळ्यात पाहू, असे मेकॅनिक म्हणतो. हे योग्य आहे काय?
– एक मच्छीमार, रेवदंडा (ता. अलिबाग)

उत्तर : नाही. परंतु प्रथम हे पाणीच आहे याची खात्री करून घ्यावी. थोडे तेल काचेच्या बाटलीत काढून रात्रभर ठेवावे. नुसता फेस असेल, तर सकाळपर्यंत हवा निघून तेल स्वच्छ दिसते. पाणी असेल, तर ते पांढुरकेच राहते किंवा तळाशी थेंब साचतात.

पाणी शिरण्याचे सर्वांत स्वस्त कारण म्हणजे तेलाच्या दोन्ही स्क्रूंखालचे वायसर पुन्हा पुन्हा वापरणे. दर वेळी नवे वायसर घालावेत; काही रुपयांच्या या वस्तूसाठी मी गिअरपेट्या भंगारात गेलेल्या पाहिल्या आहेत. दुसरे कारण, आणि जाळ्यावर काम करणाऱ्याच्या बाबतीत अधिक संभवणारे, म्हणजे तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा). पाण्यात वाहणारा तंगूस पंख्याच्या बोंडामागे दांड्यावर गुंडाळला जातो, घर्षणाने तापतो आणि ऑइल सीलची (दांड्याभोवती तेल अडवणाऱ्या रबरी कड्याची) ओठासारखी कड कापतो. बाहेरून काहीच दिसत नाही. त्यामुळे महिन्यातून एकदा पंखा काढून पाहणे हाच उपाय आहे. काम सुरू करण्याआधी किल्ली व सुरक्षेची दोरी काढून ठेवावी आणि मशीन न्यूट्रलमध्ये असल्याची खात्री करावी. नट सोडवताना पंखा फिरू नये म्हणून पाते व पट्टीमध्ये लाकडाचा ठोकळा अडकवावा. नट अडवणारी कॉटर पिन सरळ करून काढावी, मग नट व पंखा काढावा, तंगूस असल्यास साफ करावा, दांड्याच्या खाचांना समुद्री ग्रीस लावावे आणि सारे भाग जसे निघाले त्याच क्रमाने बसवून नवी पिन घालावी. ग्रीस लावले नाही, तर खाऱ्या पाण्यात पंखा दांड्याला असा चिकटतो की वर्षभरानंतर तो तोडूनच काढावा लागतो.

सील बदलल्यावर मेकॅनिककडून गिअरपेटीची हवेच्या दाबाची चाचणी अवश्य करून घ्यावी. दाब उतरला, तर साबणाच्या पाण्याने गळतीची जागा कळते. तेल भरताना खालच्या छिद्रातून भरावे आणि ते वरच्या छिद्रातून बाहेर येऊ लागेपर्यंत थांबू नये; मग आधी वरचा स्क्रू लावावा आणि नंतर नळी काढून खालचा. वरून ओतले, तर आत हवा अडकते आणि पेटी भरल्याचा भास होतो. जुन्या तेलातही बघण्यासारखे असते : चुंबकी स्क्रूला चिकटलेली बारीक करडी पेस्ट ही नेहमीची झीज आहे, परंतु बोटाला टोचणारे तुकडे आढळले, तर पेटी उघडावी लागेल.

हंगाम संपेपर्यंत थांबण्याचा सल्ला तर विशेष घातक आहे. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीत मशीन उभे पडून राहते, आणि पाण्याने दुधाळलेले तेल त्या दोन महिन्यांत बेअरिंगांना गंज चढवते. म्हणून तेल बंदी उठल्यावर न बदलता बंदी लागण्याआधीच बदलावे. त्याच वेळी इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलरही (आतले फिरते चक्र) पाहावा. वाळूमिश्रित पाण्यात त्याची पाती लवकर झिजतात आणि कोरडे चालवल्यास काही क्षणांत करपतात.

प्रश्न : मालवणहून वापरलेले मशीन आणून तापोळ्याला शिवसागर जलाशयात चालवतो. जस्ताचे ॲनोड (स्वतः झिजून पेटी वाचवणारे धातूचे तुकडे) नवे आहेत, तरी गिअरपेटीचा रंग उडून ॲल्युमिनियम खाल्ले जात आहे. इंजिनात दमही कमी वाटतो.
– एक बोटचालक, तापोळा

उत्तर : जस्त हे खाऱ्या पाण्यासाठी असते. गोड्या पाण्यात त्यावर कठीण थर बसतो आणि ते झिजायचे थांबते. ॲनोड झिजत नाही म्हणजे पेटी झिजते आहे. आपल्याला मॅग्नेशियमचा ॲनोड हवा. तो अर्धा झिजला की बदलावा, त्याला रंग लावू नये, आणि हे मशीन पुन्हा समुद्रावर नेल्यास तो काढून ठेवावा, कारण खाऱ्या पाण्यात मॅग्नेशियम झपाट्याने संपते. मचूळ खाडीत ॲल्युमिनियमचा ॲनोड चालतो.

दम कमी वाटण्याचे एक कारण उंची असू शकते. जलाशय समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटरवर आहे आणि विरळ हवेमुळे दर ३०० मीटरला इंजिनाची ताकद साधारण ३ टक्क्यांनी घटते, म्हणजे आपल्याकडे सहा-सात टक्के. मालवणला योग्य असलेला पंखा इथे एक इंच जड पडू शकतो. आरपीएम मोजून मला कळवावे, म्हणजे पिचचा आकडा नक्की सांगता येईल.