जुनी होडी घेताय? एकदा कोरड्यात बघा, एकदा पाण्यात

प्रश्न: नमस्कार. आम्ही दोघे भाऊ, आत्तापर्यंत दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून जातोय, आता स्वतःची करायची म्हणतोय. २८ फुटी फायबरची होडी बघितलीय, आऊटबोर्ड इंजिन आहे, मागे बाहेर लटकणारं. मालक म्हणतो जूनमध्ये वर ओढली की घेऊन टाका, बंदीच्या टायमाला स्वस्तात देतो. नवीन रंग मारलाय, दिसायला एकदम झकास आहे. नेमकं काय काय बघायचं? — एक वाचक, हर्णै

उत्तर: सगळ्यात आधी एक सांगतो, जूनमध्ये होडी बघायला जा, जरूर जा, पण जूनमध्ये सगळे पैसे देऊ नका. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, होड्या वर ओढून शाकारून ठेवलेल्या असतात, त्यामुळे एरवी पाण्याखाली असतो तो तळ तेव्हा समोर उघडा असतो, हाताने चाचपता येतो, ही मोठी सोय आहे. पण त्याच दिवसांत होडी समुद्रात नेऊन चालवून बघता येत नाही, आणि निम्मी दुखणी पाण्यात गेल्यावरच कळतात. मालकालाही पावसाळ्याच्या आधी मोकळं व्हायचं असतं, पुढच्या सीझनचा मेंटेनन्स कोणाला हवाय. म्हणून सरळ सांगायचं की आत्ता विसार देतो, बाकीचे ऑगस्टमध्ये होडी चालवून बघितल्यावर आणि कागद नावावर झाल्यावर. हे स्टॅम्प पेपरवर लिहून घ्या, इंजिन नीट नाही चाललं किंवा तळातून पाणी आलं तर विसार परत, असं स्पष्ट शब्दांत. होडी चांगली असेल तर मालक तयार होतो. नाही म्हणाला तर दुसरी होडी बघा, किनाऱ्यावर होड्यांना तोटा नाही.

आता नवीन रंग. विकायच्या आधी मारलेला रंग बघून मला तरी आनंद होत नाही. रंगाखाली काय आहे ते बघायला एक रुपयाचं नाणं घ्या आणि तळावर, बाजूंवर, वीतभर अंतराने टकटक करत जा. चांगल्या फायबरचा आवाज कडक आणि एकसारखा येतो, जिथे थर सुटलेत किंवा आत पाणी शिरलंय तिथे तो बसका, मेलेला येतो. तिथे खडूने गोल करा. दोन-चार गोल वेगवेगळ्या ठिकाणी आले तर रिपेअर होईल, पण सगळे एकाच पट्ट्यात आले, विशेषतः खालच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, तर ती होडी कधीतरी दगडावर किंवा वाळूवर जोरात बसलेली आहे असं समजा. तळाला बारीक फोड दिसले तर एखादा फोडून बघू दे म्हणा, आतून आंबट उग्र वासाचं पाणी आलं तर फायबरच्या आत पाणी मुरलंय. एखाद-दुसरा फोड घासून भरता येतो, तळभर असतील तर खर्च होडीच्या किमतीला टेकतो.

आणि जिथे इंजिन लटकतं ती मागची पाटी. ही जागा बघितल्याशिवाय विषय पुढे नेऊच नका. बाहेरून फायबर असतं पण आत बहुतेक वेळा प्लायवूड असतं आणि बोल्टच्या भोकातून वर्षानुवर्षं पाणी आत झिरपत राहतं. इंजिनाचा खालचा पाय धरून वर-खाली हलवा आणि दुसऱ्याला पाटीकडे बघायला सांगा, पाटी वाकताना दिसली किंवा बोल्टाभोवती केसासारख्या चिरा असतील तर मालकाच्या परवानगीने एक बोल्ट काढून बघा. भोकातून काळपट ओला भुसा आला की समजायचं आतलं लाकूड गेलं. असली पाटी घेऊन खडपात लाटेत शिरणं म्हणजे इंजिनासकट जीव टांगणीला.

इंजिन: जाताना आधी फोन करून ‘चालू करून ठेवा’ असं सांगू नका, उलट थंड राहू दे म्हणा. पोचल्यावर पहिल्यांदा इंजिनाला हात लावून बघा, गरम लागलं तर कोणीतरी आधीच चालू करून ठेवलंय, मग दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन किती झटक्यांत चालू होतं यावर बरंच कळतं. कोरड्यात चालवताना पाण्याचा पाईप किंवा पिंप लावल्याशिवाय चालवू देऊ नका, आतला पाण्याच्या पंपाचा रबरी पंखा कोरडा फिरला तर थोड्याच वेळात जळतो. चालू झाल्यावर बाजूने पाण्याची धार पडते ती जोरात आणि सलग पडायला हवी. मेकॅनिककडून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घ्या, आकडा किती यापेक्षा सगळ्या सिलिंडरचे आकडे जवळजवळ सारखे आहेत का ते महत्त्वाचं, दहा टक्क्यांच्या वर फरक असेल तर इंजिन उघडायची वेळ आलीय.

आता खाली गिअरच्या भागाचा तळातला स्क्रू थोडा सैल करून ऑईलचे चार थेंब बोटावर घ्या. दूध घातलेल्या कॉफीसारखं दिसलं तर आत पाणी गेलंय, सील गेलंय. मग पाण्यात फिरून होडी ढकलतो तो मागचा पंखा काढून त्याच्या मागे बघा, आपल्या किनाऱ्यावर जाळ्यांचा तंगूस, म्हणजे नायलॉनचा धागा, पंख्यात अडकतो, शाफ्टभोवती आवळून बसतो आणि सील कापून टाकतो, बाहेरून पत्ता लागत नाही. तंगूस मिळाला तर काढून टाका पण भाव ठरवताना लक्षात ठेवा. वरचं झाकण काढल्यावर पांढरा मिठाचा थर, गंजलेले क्लिप, टेप गुंडाळलेल्या वायरी दिसल्या तर हे इंजिन कोणी गोड्या पाण्याने धुतलेलं नाही.

कागदांचं थोडक्यात पण नीट ऐका. होडीवर रंगवलेला नोंदणी क्रमांक, आयएनडी-एमएच ने सुरू होणारा, आणि नोंदणी सर्टिफिकेटवरचा क्रमांक एकच हवा. इंजिन नंबर कागदावरचा आणि इंजिनावरचा एकच हवा, खूप वेळा मधे इंजिन बदललेलं असतं आणि कागदावर जुनंच असतं. मासेमारीचा परवाना वेगळा असतो, होडी विकत घेतली म्हणजे परवाना आपोआप तुमच्या नावावर होत नाही, मत्स्यव्यवसाय खात्यात अर्ज करावा लागतो, तेव्हा तालुक्याच्या परवाना अधिकाऱ्यांना आधीच भेटून या आणि या होडीवर काही दंड किंवा केस पेंडिंग आहे का ते विचारा. मच्छीमार सोसायटीत जाऊन कर्ज, डिझेलची थकबाकी विचारा आणि ‘बाकी नाही’ असा दाखला घ्या. होडीवर बँकेचं कर्ज असेल तर बँकेच्या पत्राशिवाय एक रुपया देऊ नका. डिझेल परतावाही सोसायटीमार्फत होडीच्या नोंदीवर मिळतो, त्यामुळे नाव बदलायचं काम रेंगाळलं तर सीझनभर महाग डिझेल जाळावं लागेल. तुमचं आऊटबोर्ड पेट्रोलवर असेल तर हा मुद्दा सोडून द्या.

ऑगस्टमध्ये चालवून बघताना रिकामी होडी चालवू नका. तुम्ही जेवढे जण जाता तेवढे बसवा, जाळं होडीत ठेवा, बर्फाच्या वजनाचं काहीतरी ठेवा, मग अर्धा-पाऊण तास सलग फुल थ्रॉटलवर आणि परत हळू, दोन्ही बाजूंना कट मारून बघा. परत आल्यावर तळातलं पाणी बघा. थोडं असेल तर बोटावर घेऊन जिभेला लावा, गोडं असेल तर पावसाचं, खारट असेल तर होडी कुठूनतरी पाणी घेतेय, आणि ते कुठून ते सापडेपर्यंत व्यवहार थांबवा.

प्रश्न: देवगडला खाडीत एक लाकडी होडी आहे, आत डिझेल इंजिन. मालक म्हणतो आत्ता वर ओढायला माणसं नाहीत, तशीच बघून घ्या. सीझन चालू आहे. तळ कसा बघू? — एक वाचक, देवगड तालुका

उत्तर: वर ओढायची गरज नाही, समुद्र काम करून देतो. उधाणाच्या दिवशी, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, भरतीला होडी वाळूच्या सपाट जागी आणून बांधा, ओहोटीला ती टेकते आणि चार तास हातात मिळतात. वेळ काढायची रीत तुमच्या घरच्या म्हाताऱ्यांना माहीतच असेल, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, अमावस्या म्हणजे १५, त्याची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे सकाळी साधारण सव्वाअकराला भरती आणि संध्याकाळी पाचच्या पुढे पूर्ण ओहोटी. अर्ध्या तासाचा फरक पडू शकतो, तरी उजेडात तळ बघून होतो. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, हे करायला जाऊ नका, पाणी पुरेसं उतरत नाही.

लाकडी होडीत नाण्याऐवजी बोथट पेचकस घ्या. पाण्याची रेघ असते तिच्या वर-खाली, फळ्यांच्या सांध्यात, आणि इंजिन ज्या लाकडांवर बसलंय त्यांना टोचून बघा. चांगल्या सागात पेचकस जात नाही, कुजक्यात सहज रुततो. लाकूड खाऱ्या पाण्याने कमी कुजतं, पावसाच्या साचलेल्या गोड्या पाण्याने जास्त, त्यामुळे डेकखालचे कोपरे, मागची बाजू, जिथे पावसाचं पाणी अडून राहतं तिथे जास्त वेळ घालवा. याच्या उलट लाकूड पोखरणारा किडा खाऱ्या पाण्यातला, तो टाचणीएवढ्या भोकातून शिरतो आणि आतल्या आत फळीत बोगदे करतो, बाहेरून फळी साबूत दिसते पण ठोकली की पोकळ वाजते. पावसात वरच्या खाडीत गोडं पाणी भरतं तेव्हा हा किडा मरतो, म्हणून होडी पावसाळ्यात कुठे असते हे मालकाला विचारा. किनाऱ्यावर वर ओढलेली की खाडीत आतवर नांगरलेली, दोन्ही चालेल, वर्षभर खाऱ्या पाण्यात उभी असेल तर जास्त ठोकून बघा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. जुन्या लाकडावर बाहेरून फायबरचा थर मारून ‘आता नवीनच झाली’ म्हणून विकतात. ओल्या लाकडावर मारलेला फायबर आतली ओल कोंडून ठेवतो आणि लाकूड आत कुजत जातं, तुम्हाला दिसत नाही कारण बाहेर चकचकीत आहे. अशी होडी असेल तर आतल्या बाजूने टोचून बघितल्याशिवाय हो म्हणू नका, आतून बघायला देत नाहीत तर सोडून द्या.

डिझेल इंजिनाचं: पहिला धूर बघा. चालू होताना थोडा पांढरा ठीक, पण गरम झाल्यावरही पांढराच राहिला तर पाणी किंवा न जळलेलं डिझेल, निळसर म्हणजे ऑईल जळतंय, लोडवर दाट काळा म्हणजे इंजेक्टरचं काम किंवा पंखा इंजिनाला जड आहे. ट्रकचं इंजिन मरीन करून बसवलेलं असतं तेव्हा समुद्राच्या पाण्याने थंड होणारा भाग कोणी कसा बसवलाय ते तिथल्याच मेकॅनिकला दाखवा, स्पेअर गावात मिळतात का तेही विचारा, स्वस्त चिनी इंजिनाचा एक पार्ट यायला महिना लागला तर सीझन गेला. शाफ्ट बाहेर जातो तिथल्या ग्लँडमधून, म्हणजे पाणी अडवणाऱ्या पॅकिंगमधून, चालताना थेंब थेंब पाणी येणं बरोबर आहे, धार लागली तर नाही. ओहोटीला टेकलेली असतानाच शाफ्ट आणि सुकाणू हाताने हलवून खेळ किती आहे ते बघून घ्या.

प्रश्न: आमचं तारकर्लीला होमस्टे आहे. पाहुण्यांना डॉल्फिन दाखवायला न्यायला जुनी मासेमारीची होडी स्वस्तात मिळतेय, वर छप्पर आणि बाकडी टाकली की झालं ना? — एक वाचक, मालवण तालुका

उत्तर: ताई, नाही झालं. मासेमारीची नोंदणी आणि प्रवासी वाहतूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रवासी न्यायचे तर महाराष्ट्र सागरी मंडळाकडून होडीचं सर्वेक्षण होऊन सर्टिफिकेट लागतं, त्यावर किती प्रवासी हे लिहिलेलं असतं. होडी घ्यायच्या आधी बंदर कार्यालयात जाऊन हीच होडी पास होईल का ते विचारा, घेतल्यावर नाही.

पण कागद बाजूला ठेवून बोलायचं तरी मला काळजी वाटते ती वजनाची. मासेमारीच्या होडीत मासळी, बर्फ, जाळं सगळं खाली असतं, होडी त्यानेच स्थिर राहते. तुम्ही ते काढून वर छप्पर आणि उंच बाकांवर माणसं बसवलीत की वजन वर गेलं. आणि डॉल्फिन दिसला की काय होतं ते तुम्हाला माहितीय, सगळे एकदम उठून एका बाजूला धावतात, पोरं कठड्यावर चढतात. म्हणून घ्यायच्या आधी शांत पाण्यात, सगळ्यांना लाइफ जॅकेट घालून, जेवढे प्रवासी न्यायचेत त्यांच्या निम्मी माणसं एका बाजूला उभी करून बघा. काठ पाण्याच्या जवळ आला तर ती होडी प्रवाशांसाठी नाही, कितीही स्वस्त असली तरी. आणि लाइफ जॅकेट माणशी एक, पोरांच्या मापाची वेगळी, बाकाखाली कोंबलेली नाही तर अंगात घातलेली. जुन्या होडीसोबत मिळतात ती जॅकेटं एकदा पाण्यात टाकून बघा, आतला फोम जुना झालेला असतो, पट्टे कुजलेले असतात, ती नवीनच घ्या.

प्रश्न: मोठी बोट मिळतेय, पर्ससीन जाळ्यासकट (माशांच्या थव्याला वेढा घालून खालून आवळतात ते). मालक म्हणतो जाळ्याचेच पैसे वसूल होतील. घेऊ का? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर: जाळं मिळतंय, पण परवाना आहे का ते आधी विचारा. २०१६ पासून आपल्या राज्यात पर्ससीनवर कडक मर्यादा आहेत, १ जानेवारीपासून तर बंदच असतं, मासेमारी सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच. बोटीवर एलईडी लाईट आणि मोठा जनरेटर दिसला तर अजून सावध व्हा, एलईडी मासेमारीला बंदी आहे आणि बोट कधी पकडली गेली होती का हे खात्यात विचारल्याशिवाय कळणार नाही. बोट तुम्हाला दुसऱ्या कामाला चालत असेल, गिलनेटला (मासे कल्ल्यांत अडकतात त्या जाळ्याला) वगैरे, तर जाळ्याची किंमत शून्य धरून भाव करा. त्या भावात परवडली तर वरच्या पद्धतीने तळ, इंजिन, कागद बघा. मालक जाळ्याचे वेगळे पैसे मागत असेल तर जाळं त्यालाच ठेवू दे.