किनाऱ्यावरच्या शाळेने देणगीतला हायड्रोपोनिक कंटेनर घ्यावा का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: गुहागरकडच्या तुमच्या शाळेला मुंबईतले एक दाते चाळीस फुटी हायड्रोपोनिक कंटेनर, म्हणजे मातीविना खतपाण्यावर भाजी वाढवायचा बंद डबा, देऊ करतायत, गावचं मंडळ आणि महिला बचत गटही सोबत यायला तयार आहे, आणि हो की नाही ते पंधरा दिवसांत कळवायचंय.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवते. आमच्याकडे मातीविना भाजी सुरू होऊन तीन वर्षं झाली, पैकी पहिलं वर्ष वीस फुटी बंद कंटेनरात काढलं. त्या अनुभवावरून सांगते. देणगी सोडू नका, पण बंद कंटेनर एकट्या शाळेच्या गळ्यात घेऊ नका. दात्यांशी बोलून त्याच पैशात दुसरं काहीतरी मागा. ते काय, ते पुढे सांगते.

आधी विजेचा हिशोब करा. बंद डब्यात ऊन नाही, म्हणून एलईडी दिवे दिवसाचे चौदा-सोळा तास चालतात. दिव्यांची उष्णता बाहेर काढायला एसी. झाडं पानांतून पाणी सोडतात, आपली हवा आधीच दमट, त्यामुळे ओलावा काढण्यासाठीही तोच एसी राबतो. चाळीस फुटी डब्याला दिवसाला १५० युनिट धरा आणि युनिटला ८ रुपये. रोजचे १,२०० रुपये झाले, महिन्याचे ३६,०००. देणगीत डबा मिळतो, बिल मिळत नाही. ‘सोलर लावू’ असं कुणी म्हणालं तर तोही हिशोब त्यांच्यासमोर मांडा. १ किलोवॉटचं पॅनल दिवसाला सरासरी ४ युनिट देतं. म्हणजे १५० युनिटला ३७-३८ किलोवॉट लागतील, आणि आषाढातल्या मळभात त्यातूनही निम्मीच वीज हाती येईल.

पैशापेक्षाही मोठी अडचण म्हणजे लाईट जाणं. आमच्या डब्यात एनएफटी पद्धत होती, म्हणजे उतरत्या पन्हळीतून खतपाण्याचा पातळ ओघळ सतत वाहत राहतो आणि मुळं त्यावर जगतात. ओघळ थांबला की मुळांपाशी साठा काहीच नाही. पहिल्या वर्षीच्या जुलैत शनिवारी संध्याकाळी वारापाऊस सुटला, लाईट गेली ती सोमवारी पहाटे आली. इन्व्हर्टर चार तास चालला. रविवारी कुणी फिरकलं नाही. सोमवारी दार उघडलं तर आत भट्टीसारखी वाफ, आणि आठवीच्या मुलांनी लावलेली पालकाची सगळी रोपं पन्हळीवर आडवी पडलेली. एका मुलाने विचारलं, “बाई, सुट्टीत यांच्याकडे कोण बघणार होतं?” तसं कुणाला नेमलेलंच नव्हतं, आणि ती चूक माझी होती. तुमच्या पंधरा दिवसांतला पहिला दिवस याच प्रश्नावर घालवा. मे महिन्यात, गणपतीत, शिमग्याला दार कोण उघडणार? नाव, फोन नंबर आणि मानधन कागदावर येईपर्यंत दात्यांना होकार देऊ नका. शिपाईमामांवर ढकलू नका, त्यांना आधीच कामं पुष्कळ असतात. बचत गटातल्या दोघी-तिघी पाळीने बघणार असतील आणि निम्मी भाजी त्यांच्या विक्रीला जाणार असेल, तर मात्र तुमचं गणित माझ्यापेक्षा नक्की चांगलं आहे.

डबा येणार कसा, तेही बघा. चाळीस फुटी ट्रेलर हायवेवर सरळ धावतो, पण वाडीच्या वळणांवर आणि साकवांवर तो वळणार नाही. रिकामा डबाच पावणेचार टनांच्या आसपास, म्हणजे उतरवायला हायड्रा क्रेन हवी, आणि बसवायला जांभ्याच्या चिऱ्यांचा पक्का चौथरा. वादळाचा विचारही करा. ३ जून २०२० चं निसर्ग आणि पुढच्याच मे महिन्यातलं तौक्ते, दोन्ही आपण पाहिलीत. डबा चौथऱ्याला बांधूनच ठेवावा लागतो. खाऱ्या हवेत डब्याचं जाड पोलाद टिकतं. गंजतात ते बिजागऱ्या, स्क्रू, कापून बसवलेल्या खिडक्या, आणि सगळ्यात आधी एसीच्या बाहेरच्या युनिटच्या पत्र्या.

अमेरिकेत शाळांनी आणि मुलांच्या क्लबांनी असे डबे घेतले, ते खरं आहे. २०१० मध्ये सुरू झालेल्या बॉस्टनच्या फ्रेट फार्म्स कंपनीने शिपिंग कंटेनरात शेती बसवायची ही कल्पना खूप पुढे नेली. ती कंपनी २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेली. म्हणून दात्यांना नीट विचारा, की डब्याचा कंट्रोलर पुरवठादाराच्या ॲपशिवाय, हाताने चालवता येतो का? येत नसेल तर पुरवठादार बंद पडला की दिवे कधी लागावेत हेसुद्धा तुमच्या हातात राहणार नाही.

आता पाणी. इथे मात्र आपली बाजू भक्कम आहे, आणि त्याबद्दल मला मनापासून आनंद वाटतो. पालेभाजीच्या द्रावणाची ईसी, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप, साधारण १.२ ते १.८ लागते, पीएच ५.५ ते ६.५. खाडीकाठच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. विहिरीच्या पाण्याचीच ईसी १ च्या वर असेल तर खत घालायला जागाच उरत नाही, वर मीठ साचत जातं. म्हणून काही घेण्याआधी साधा ईसी मीटर घ्या आणि मे महिन्यातल्या पाण्याची नोंद करा. पावसाच्या पाण्याची ईसी जवळजवळ शून्य असते. १०० चौरस मीटर छपरावर ३,००० मिलिमीटर पाऊस पडला की ३ लाख लिटर होतात. आम्ही पागोळ्यांचं पाणी पन्हाळ लावून टाक्यांत घेतो, पहिले दोन पाऊस सोडून. त्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम नसतं, ते खतातून द्यावं लागतं. खताच्या ‘ए’ आणि ‘बी’ अशा वेगळ्या बाटल्या असतात. दोन्ही दाट द्रावणं थेट एकत्र केली की कॅल्शियम सल्फेट-फॉस्फेटशी जुळून पांढरा गाळ बसतो. आम्ही नववीला हे काचेच्या ग्लासात करून दाखवतो. अवक्षेप म्हणजे काय ते त्यानंतर फळ्यावर समजवावं लागत नाही.

मग आता आम्ही काय करतो? शाळेच्या मागच्या बाजूला पारदर्शक प्लास्टिकचं छप्पर आणि बाजूला जाळी लावलेली शेड आहे. त्यात वीतभर खोल पाण्याचे क्रेट, वर थर्मोकोलचा तराफा, तराफ्याच्या भोकांत रोपं. पाण्यात हवा सोडायला माशांच्या टाकीला लावतात तो एअर पंप. तो पाच-सात वॉटचा, इन्व्हर्टरच्या बॅटरीवर दोन दिवस सहज चालतो. लाईट गेली तरी मुळं पाण्यातच असतात. पाणी तापू नये म्हणून क्रेट पांढरे रंगवले, कारण २० अंशाच्या पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो तो ३० अंशाला साडेसातवर येतो, आणि गरम पाण्यात मुळं कुजतात. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन कमी, माठाला आठ-दहा दिवस जास्त लागतात. तेवढ्यापुरत्या काही एलईडी ट्यूब लावतो. जुना डबा आता रोपवाटिका आणि कोठी म्हणून वापरतो, एसीशिवाय.

लेट्यूस लावू नका. उष्णतेत तो कडू होतो, आणि पोषण आहाराच्या पातेल्यात त्याचं करणार काय? लाल माठ लावा, तो उकाड्यात आनंदाने वाढतो आणि मुलं खातात. कोथिंबीर, चुका, थंडीत पालक. आमच्याकडे आहार शिजवणाऱ्या काकूंनाच विचारून लावणी ठरते. पावसात घाट बंद पडला की कोल्हापूर-बेळगावची भाजी येत नाही, आली तरी कोथिंबिरीची जुडी परवडत नाही. त्या आठवड्यांत आपल्या शेडमधली ताजी जुडी वरणात पडते, तेव्हा मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात. मात्र टाकळा, भारंगी, कुर्डू या रानभाज्या बाजूला सारू नका. त्या फुकट येतात, आणि त्या ओळखायला शिकवणंही शाळेचंच काम आहे. परसबागही राहू द्या. दोन्हीकडची रोपं शेजारी ठेवून मोजली तर मुलांना माती काय काम करते ते दिसतं.

दात्यांना पत्र लिहाल तेव्हा साभार नकार लिहू नका. डब्याऐवजी शेड, पावसाच्या पाण्याच्या दोन मोठ्या टाक्या, ईसी आणि पीएच मीटर, बॅटरी, आणि बचत गटातल्या एका ताईचं तीन वर्षांचं मानधन मागा. मानधन शेवटच्या ओळीत ढकलू नका, पहिल्या ओळीत लिहा. त्यांना डबाच द्यायचा असेल तर वीस फुटी मागा, पन्हळींऐवजी खोल पाण्याचे क्रेट मागा आणि तीन वर्षांचं वीजबिल लेखी घ्या. जमलं तर एकदा दापोलीला कृषी विद्यापीठात जाऊन या, मुलांनाही न्या.

होकार गेला की पहिली पेरणी गणपतीच्या सुट्टीआधी काढणीला येईल अशी धरा. माठ चार आठवड्यांत खुडता येतो. सुट्टी लागेल तेव्हा क्रेट रिकामे आणि धुतलेले असावेत.