ताकायामातली व्यापाऱ्यांची घरं: व्हाउचर काढण्याआधी एवढं वाचा

‘जुनी घरं सगळी सारखीच, कुठलंही एक बघा’ असं ज्या काउंटरवर तुम्हाला ऐकवलं, तसल्याच एका काउंटरने आमचा अख्खा दिवस घालवला होता. म्हणून जरा लांबलचक लिहितेय. तुमचा बेत मला कळला तो असा: नोव्हेंबरमध्ये पुण्याहून आईबाबा जपानला येणार, नागोयाहून सकाळच्या गाडीने ताकायामा, दोन तासांत एक व्यापाऱ्याचं घर आणि जुनी गल्ली, मग दुपारच्या बसने शिराकावागो हे गवती छपरांच्या घरांचं खेडं आणि रात्री परत. घराचं व्हाउचर आत्ताच काढून ठेवू का, हा प्रश्न.

नका काढू. (माझा अनुभव जुना आहे, मधल्या काळात गोष्टी सुधारल्या असतील, मी काही गाईड नाही वगैरे सगळं गृहीत धरा.)

ही घरं सरकारी संग्रहालयं नाहीत. कुटुंबाची घरं आहेत, पिढ्यानपिढ्या सांभाळलेली, आणि लोकांना बघायला खुली केलेली. त्यामुळे घरात काही कार्य निघालं, डागडुजी काढली, प्रदर्शनाची मांडणी चालू असली, की दार बंद. त्यांचा तो हक्कच आहे. राग आहे तो मधल्या विकणाऱ्यांवर. आमच्या वेळी आदल्या संध्याकाळी काउंटरवरच्या बाईंनी स्क्रीनकडे बघून ‘हो हो, उद्या चालू’ म्हणत कागदावर शिक्का मारून दिला. फोन उचलून विचारलं नाही. सकाळी दारावर जपानीत सूचना, आत सामसूम. बाबा सिव्हिल इंजिनिअर, सगळी नोकरी सिमेंटकाँक्रीटमध्ये गेलेली, लाकडी सांध्यांचं मात्र वेड. ते बाहेरच्या जाळीचे गज बोटांनी चाचपत बसले आणि मी फोनवर भांडत बसले. पलीकडून उत्तर: आम्ही माहिती देतो, खात्री देत नाही. मग ‘ताकायामा जिन्या’ बघा ना, तेही जुनंच आहे!

ताकायामा जिन्या म्हणजे शोगुनच्या, म्हणजे तेव्हाच्या लष्करी राज्यकर्त्याच्या, सरकारची कचेरी. १६९२ मध्ये इथल्या सरदार घराण्याची बदली झाली आणि ताकायामाभोवतालचा हिदा प्रांत थेट शोगुनच्या ताब्यात गेला, तो पार १८६८ पर्यंत. जिन्या बघण्यासारखी आहेच, पण व्यापाऱ्याचं घर बघायला आलेल्या माणसाला तिकडे पाठवणं म्हणजे वाडा बघायला आलेल्याला मामलेदार कचेरी दाखवण्यातला प्रकार. पैसे परत हवेत तर जिथून कागद घेतला त्याच खिडकीवर, कामाच्या वेळेत, समक्ष, फॉर्म भरून. ती खिडकी दुसऱ्या शहरात. शेवटी नाद सोडला. पैशांचं काही नाही, पण बाबांचं पुन्हा येणं झालं नाही. असो.

तेव्हा तिकीट दारातच काढा. रांग अशी नसते. जायच्या आठवड्यात आणि आदल्या दिवशी घराच्या स्वतःच्या जपानी पानावरच्या सूचना फोनच्या भाषांतराने वाचा. इंग्रजी पानावर पुष्कळदा जुनाच मजकूर पडून असतो, नकाशाच्या अ‍ॅपवरही विसंबू नका. हॉटेलच्या रिसेप्शनला एक फोन करायला सांगा, ते आनंदाने करतात. आणि नोव्हेंबर म्हणताय म्हणून सांगते, ३ आणि २३ तारखेला राष्ट्रीय सुट्ट्या असतात. जपानमध्ये अशा ठिकाणांची साप्ताहिक सुट्टी सणाच्या दिवशी आली, तर बरेचदा त्या दिवशी उघडं ठेवून दुसऱ्या दिवशी बंद ठेवतात. काउंटरवाल्यांना हे माहीत नसतं असं नाही, सांगायचा कंटाळा.

आता ‘सगळी सारखीच’ याबद्दल. ताकायामाच्या ओशिनमाची भागात कुसाकाबे आणि योशिजिमा ही दोन घरं शेजारीशेजारी आहेत. सानमाची या गाजलेल्या गल्लीपासून उत्तरेला दहापंधरा मिनिटं चालत, म्हणून गर्दी तिकडेच थांबते. दोन्ही घरं आगीनंतर पुन्हा बांधलेली, दोन्ही १९६६ मध्ये राष्ट्रीय महत्त्वाचा वारसा ठरली. इथवर सारखी, पुढे नाहीत.

कुसाकाबे हे शोगुनच्या कचेरीला माल पुरवणारे सावकार-व्यापारी. १८७५ च्या आगीत घर गेलं, १८७९ मध्ये कावाजिरी जिसुके या सुताराने नवं उभं केलं. तारीख लक्षात घ्या. शोगुनच्या काळात रयतेने घराला हिनोकीसारखं (जपानी सायप्रस) उंची लाकूड वापरायचं नाही, असे निर्बंध होते. १८६८ मध्ये शोगुन जाऊन मेइजी बादशहाची राजवट आल्यावर ते सुटले आणि या घराने जणू सगळी हौस एकदम भागवून घेतली. तुळया जाडजूड, खांब भक्कम, आत शिरल्यावर छाती जरा पुढे येते. जपानी लोक याला पुरुषी घर म्हणतात आणि शेजारच्याला बायकी. मला ती विभागणी पटत नाही, पण फरक डोळ्यांना दिसतो हे खरं. मागच्या जाड मातीच्या भिंतींच्या कोठारांकडे जायला विसरू नका. बरेच जण पुढच्या खोल्या बघूनच परत फिरतात.

योशिजिमा साके, म्हणजे तांदळाची दारू, बनवणारे. असल्या घरांच्या दारात देवदाराच्या पानांचा गोळा टांगलेला दिसतो, तो नव्या साकेची खूण. १९०५ च्या आगीनंतर १९०७ मध्ये निशिदा इसाबुरो याने बांधलेलं हे घर. इथे डोमावर, म्हणजे आतल्या मातीच्या जमिनीवर, उभं राहून मान वर करा. उभा खांब, त्यावर आडवी तुळई, तिच्यावर आखूड खांब, पुन्हा तुळई, असं चौकटीवर चौकट चढत वर छपरापर्यंत. मध्ये छत नाहीच, लपवायला जागा नाही, म्हणून प्रत्येक सांधा नेटका. लाकडावर लाखेचा हात फिरवलेला आहे. वरच्या खिडकीतून ऊन येतं, ते एका तुळईच्या कडेवर पडून खालच्या खांबाच्या अंगावर उतरतं आणि बघता बघता सरकतं. ढगाळ दिवशी ही मजा अर्धी. म्हणून माझं मत: शिराकावागो दुसऱ्या दिवशी ठेवा किंवा सोडा. बस एका बाजूने ५० मिनिटांची आहे, शिवाय वेळेवर पकडायची. दोन तासांत जेवणासकट हे सगळं बसवायला गेलात, तर आईबाबा बसथांबाच बघतील. शिराकावागोवाले मला शिव्या घालतील, घालू देत.

हे सुतार एवढे पुढे का, असं तुमचे बाबा विचारतील. (माझे विचारत होते.) हिदा डोंगराळ, पिकांचा भरवसा नाही, म्हणून नारा काळात (आठव्या शतकात) इथल्या लोकांकडून कराऐवजी सुतार मागवत आणि राजधानीत देवळं-महाल बांधायला लावत. ती विद्या मग घरोघर उतरली.

गुडघ्यांचं. डोमावरून तातामीच्या, म्हणजे गवती चटयांच्या, खोलीत चढायची पायरी चांगली उंच असते. हात धरून ओढू नका. आधी काठावर बसायचं, बूट काढायचे, मग पाय आत घेऊन उठायचं. लेसचे बूट अजिबात नकोत. काठी असेल तर आत न्यायच्या आधी विचारा. मी टोकाला स्वच्छ रुमाल बांधून नेते, आजवर कोणी अडवलं नाही. जाड मोजे घाला, लाकडी जमीन नोव्हेंबरात बर्फासारखी गार असते आणि तातामीवर स्लिपर चालत नाहीत. पाठीवरची सॅक पोटाशी घ्या. कागदी दाराला एकदा कोपर लागलं की तोंड दाखवायला जागा राहत नाही. मोठ्या बॅगा स्टेशनच्या लॉकरमध्ये टाका.

गाडीबद्दल कोणी सांगत नाही ते सांगते. नागोयाहून हिदा एक्स्प्रेस निघते तेव्हा सगळ्या खुर्च्या उलट्या तोंडाच्या असतात. घाबरून फिरवू नका, गिफू स्टेशनात गाडीची दिशा बदलते आणि सरळ होतं. वीसेक मिनिटांचा प्रश्न.

खाण्याचं म्हणाल, तर इथले मितराशी दांगो (काडीला लावलेले तांदळाच्या पिठाचे गोळे) गोड नसतात, सोया सॉस लावून भाजतात, आईबाबांना चालतील. गरम असतानाच खायचे. मिसो सूप, नूडल्स वगैरेंत माशाचा अर्क असतोच, ‘भाज्यांचं आहे’ या उत्तरावर विश्वास ठेवू नका. मियागावा नदीच्या काठी सकाळचा बाजार भरतो, तो दुपारी १२ पर्यंत आवरतो आणि घरांपासून जवळच आहे. आधी बाजार, मग घरं, ही सोय बरी.

आणि क्योटोत मुक्काम असेलच, तर तिथलं सुगिमोतो कुटुंबाचं घर बघा. १७४३ पासूनची कापडाची पेढी, १८६४ च्या आगीनंतर १८७० मध्ये पुन्हा बांधलेलं, बाहेरून रुंद आणि आत खोलच खोल. ते ठरावीक दिवशीच उघडतं, तारखा स्वतःच जाहीर करतात. तिथेही मधल्या माणसाला पैसे देऊ नका. तुमच्या तारखा नक्की झाल्या की इथेच टाका, जपानी सूचना मी वाचून सांगते.