'गेट लॉज'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: इंग्लंडमधल्या एका जमीनदाराच्या इस्टेटीवर घडणाऱ्या कादंबरीचा अनुवाद चालू आहे. इस्टेटीच्या तोंडाशी 'गेट लॉज', म्हणजे फाटकाच्या राखणदाराचं घर आहे. तिथे 'लॉज' तसाच ठेवावा, की 'देवडी' म्हणावं?

'लॉज' ठेवू नका. मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे एस. टी. स्टँडसमोरचं बोर्डिंग-लॉजिंगच येणार. मूळ एकच, जुन्या फ्रेंचमधला झोपडी किंवा मांडव या अर्थाचा शब्द. पण मराठीत त्याची मुक्कामाची खोली तेवढी रुजली.

'देवडी' मोहात पाडणारा शब्द आहे, आणि मला तो फार आवडतो. पण देवडी म्हणजे किल्ल्याच्या किंवा वाड्याच्या दरवाजातच पहारेकऱ्यांसाठी केलेली जागा. गेट लॉज हे फाटकाशेजारी सुटं उभं असलेलं, नांदतं घर. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत अशी घरं भरपूर बांधली गेली. तिथे पहारा नव्हे, संसार असायचा. नवरा बरेचदा इस्टेटीवरच माळीकाम वगैरे करी आणि घोडागाडीची चाहूल लागली की बायको किंवा मूल फाटक उघडायला धावे. रस्ता दोन्हीकडून दिसावा म्हणून काही घरं अष्टकोनी, काहींच्या खिडक्या भिंतीबाहेर काढलेल्या. मुख्य हवेली आत लांबवर असल्यामुळे पाहुण्याच्या नजरेस आधी हेच घर पडे, म्हणून मालक त्याच्या देखणेपणावर खर्च करत. पश्चिम लंडनमधल्या सायन हाउस या हवेलीसाठी वास्तुकार रॉबर्ट ॲडमने 1773 मध्ये सिंहाचं फाटक रचलं. त्यात मधल्या कमानीच्या दोन्ही अंगांना खांबांची रांग आणि टोकांना एकेक लॉज आहे. पण अशी जोडघरं बघणाऱ्यासाठी असत, राहणाऱ्यासाठी नव्हेत. काही ठिकाणी एकाच कुटुंबाला दोन्ही घरं मिळत: चूल एकीकडे, निजायचं दुसरीकडे, आणि मध्ये मालकाच्या गाड्यांचा रस्ता. हे जगणं शब्दात यायला हवं, म्हणून 'चौकी'ही नको.

'आउटहाउस'ही बसत नाही. ते बंगल्याच्या मागे, नोकरांच्या वस्तीसाठी; हे अगदी दर्शनी.

माझी पसंती 'फाटकावरचं घर' या साध्या शब्दांना. पहिल्यांदा एखाद्या वाक्यात ते कसं आहे ते दाखवावं, मग संवादात नुसतं 'फाटकघर' म्हटलं तरी कळतं. राहणाऱ्याला 'फाटकावरचा राखणदार' म्हणा; 'द्वारपाल' म्हटलं की जय-विजय आठवतात.

'देवडी' मात्र गेटहाउससाठी राखून ठेवा, म्हणजे जिथे वाट इमारतीच्या पोटातूनच जाते आणि राखणदार आतच असतो. इस्टेटींवरही क्वचित असं सापडतं: बकिंगहॅमशरमधल्या स्टो इथली, 1760च्या दशकातली कोरिंथियन कमान बाहेरून विजयतोरण वाटते, पण तिच्या दोन्ही पायांत राहण्याच्या खोल्या आहेत. तुमच्या कादंबरीत तसं काही असेल, तर खुशाल देवडी लिहा.